फांद्यांचे पॉलिमर: जीन थेरपीत यांच्यावर जोर का नाही?

पेशीवाली:
जीन थेरपीत पेशीत नवा जीन पोचवायचं सगळं काम व्हायरसच्या भरवशावर सोडलंय ते मला पटत नाही. १९९९ ला पेनसिल्व्हेनियात अडेनोव्हायरसच्या ट्रायलमध्ये १८ वर्षांचा जेसी गेल्सिंगर वारला. आता वापरतात तो एएव्ही हा दुसरा छोटा व्हायरस बराच सौम्य, मान्य, पण त्यात डीएनएची जेमतेम ४.७ हजार अक्षरं (बेस) मावतात आणि डिस्ट्रोफिन या स्नायूंच्या प्रथिनाच्या जीनचा नुसता कोडिंग भागच ११ हजारांचा, म्हणजे ते प्रथिन नसल्याने स्नायू झिजतात त्या ड्युशेन आजाराच्या पोरांना काटछाट केलेला जीन द्यायचा. वर एका डोसनंतर अँटिबॉडी होतात, परत देता येत नाही. पीईआय (पॉलिइथिलिनइमाइन), पॅमॅम असल्या फांद्यांच्या पॉलिमरला, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटलेल्या लांब रेणूंना, एवढं जागेचं बंधन नाही, त्यांच्यातल्या अमाइन या नायट्रोजनवाल्या गटांचा धन चार्ज डीएनएचा ऋण चार्ज धरतो आणि त्याची गोळी वळतो.

मायक्रोस्कोप:
पीईआय १९९५ पासून आहे हो, औषध कुठंय? २५ हजार रेणुभाराचा फांद्यांचा पीईआय मी स्वतः वापरलाय. डीएनएत मिसळायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, पेशींवर सोडायचं. जरा जास्त पडला की सकाळी पेशी गोल होऊन मीडियात तरंगत असतात. जो चार्ज डीएनए धरतो तोच पेशीचं आवरण फाडतो, आणि रक्तात गेला की त्याला रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन चिकटतं, गुठळ्या होतात, त्या फुप्फुसात अडकतात.

पेशीवाली:
एका जुन्या रेणूवरून सगळ्यांना नावं नका ठेवू ना. बीटा अमिनो एस्टरवाले पॉलिमर पाण्यात हळूहळू तुटतात, म्हणून पेशींना त्रास कमी. डब्लिनच्या ग्रुपने २०१६ ला त्यांनाच भरपूर फांद्या आणल्या तर सरळ साखळीपेक्षा जीन कितीतरी जास्त पोचला, आणि ते एपिडर्मोलिसिस बुलोसासाठी, म्हणजे हात लावला तरी कातडी सोलते त्या आजारासाठी. तिथे औषध कातडीवरच लावायचं, रक्तात सोडायचंच नाही.

लिपिडप्रेमी:
पण लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या रेणूंच्या, कणांनी २०१८ ला पाटिसिरान हे आरएनएचं औषध दिलं, मग कोविडची एमआरएनए लस दिली. पॉलिमरवाले अजून एंडोसोममधून, म्हणजे पेशी बाहेरचा माल ज्या पिशवीत आत घेते तिच्यातून, डीएनए बाहेर कसा पडतो यावरच भांडतायत. प्रोटॉन स्पंज म्हणायचे, म्हणजे पॉलिमर आतलं आम्ल शोषतो आणि पिशवी फुगून फुटते, पण २०१३ ला मोजलं तर पीईआयने लायसोसोमचा, म्हणजे पुढच्या आम्लाच्या पिशवीचा, पीएच बदललाच नाही.

पेशीवाली:
शिरेतून दिलेले लिपिडचे कण बहुतेक यकृतात जातात, कातडीच्या पोरांना त्याचा काय उपयोग? आणि ज्या एएव्हीचं कौतुक चाललंय तो कारखान्यात एचईके २९३ या लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशींत बनवताना प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएची गोल कडी, आत घालायला कित्येक ठिकाणी पीईआयच वापरतात.

मायक्रोस्कोप:
वापरतात, कारण त्या पेशी दोन-तीन दिवसांत फोडायच्याच असतात. पेशंटच्या पेशी जगवायच्या असतात. कातडीचा मुद्दा मात्र मला मान्य, तिथे करून बघायलाच हवं.