दिव्यांग कलाकारांच्या नाटक ग्रुपमध्ये व्हॉलंटियर व्हायचंय, नाटकाचा अनुभव नाही, चालेल का?

पर्वतीची_पोर
नमस्कार मंडळी. पुण्यात राहते, आयटीत आहे. ओळखीतून एका ग्रुपबद्दल कळलं, तिथे अंध, कर्णबधिर, व्हीलचेअरवरचे, डाउन सिंड्रोम असलेले आणि काहीच अपंगत्व नसलेले असे सगळे मिळून नाटक बसवतात. आता दोन अंकी नाटकाच्या तालमी सुरू झाल्यात आणि माणसं हवी आहेत म्हणाले. मला मनापासून जायचंय, पण कॉलेजात असताना फिरोदिया करंडक स्पर्धा बघायला जायचे तेवढाच नाटकाशी संबंध. तर तिथे नक्की काम काय असतं? मला शनिवार-रविवारच जमेल, मग जाण्यात अर्थ आहे का? साइन लँग्वेज आधी शिकून घेऊ का? आणि बोलण्या-वागण्यात काही उणंअधिक होऊन कोणी दुखावलं जाईल याची धास्ती वाटते. आई म्हणते पुण्याचं काम आहे, जा. पण मला पुण्य मिळवायला जायचं नाहीये, नाटकात काम करायचंय, म्हणून इथे विचारतेय.

विंगेतला_माणूस
जा, नक्की जा. मी अशाच एका ग्रुपचं बॅकस्टेज बघतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

नाटकाचा अनुभव नसला तरी अडत नाही, कारण सुरुवातीला जे काम पडतं ते हातापायाचं आणि डोकं शांत ठेवायचं असतं. पहिलं काम बहुतेक संहितेचं मिळेल. लेखक अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप करून देतात नाहीतर हस्तलिखिताचे फोटो पाठवतात, आणि अंध कलाकाराच्या मोबाइलवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, म्हणजे स्क्रीन रीडर) ते वाचायला गेलं की अगम्य अक्षरं बडबडतं किंवा गप्पच बसतं. म्हणून सगळी संहिता युनिकोडमध्ये टाइप करावी लागते, शिवाय प्रत्येकाचे संवाद वेगळे रेकॉर्ड करून द्यावे लागतात. ते सपाट आवाजात करायचे बरं का, अभिनय करून नाही. तुम्ही हेल काढून वाचलंत की पाठांतर करताना तोच हेल त्याच्या तोंडात बसतो आणि मग दिग्दर्शक डोक्याला हात लावतो.

दुसरं स्टेजचं. डोळस नट रंगमंचावर खडूची खूण बघून उभा राहतो, आमच्याकडे तीच खूण पायाला लागावी लागते. जाड सुतळी टेपखाली चिकटवतो, कुठे काथ्याची पट्टी टाकतो, आणि नट पावलं मोजून येतो. थिएटर बदललं की स्टेजची रुंदी बदलते, म्हणजे पावलं बदलतात. त्यामुळे प्रयोगाच्या दिवशी सगळ्यांनी लवकर जाऊन प्रत्येक एंट्री-एक्झिट चालून बघायची असते आणि तिथे माणसं कमी पडतात. नेपथ्यातली खुर्ची चार बोटं सरकली तरी प्रॉब्लेम होतो. ब्लॅकआउटमध्ये अंध नट बिनधास्त हालचाल करतो, पण कर्णबधिर नटाचा त्या वेळी सगळ्यांशी संपर्क तुटतो. त्याला क्यू, म्हणजे आता तुझी पाळी असा इशारा, द्यायला विंगेत झाकलेला छोटा टॉर्च नाहीतर खांद्यावर ठरलेली थाप लागते. ती थाप देणारा माणूस म्हणजे तू असू शकतेस, आणि तो क्यू हुकला तर पुढचा सीन अडतो. एवढी जबाबदारीची जागा आहे ती.

आता व्हीलचेअर. प्रेक्षागृहात रॅम्प करतात पण स्टेजवर आणि मेकअप रूमकडे जायला पायऱ्याच. रॅम्पचा उतार 1:12 असावा लागतो, म्हणजे स्टेज 3 फूट उंच असेल तर 36 फूट लांब रॅम्प हवा. तेवढी जागा मिळत नाही, मग माणसांनी उचलायचं. उचलायच्या आधी खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारायचं की कुठे धरू, आणि तो सांगेल तिथेच धरायचं, कारण हाताची दांडी कधीकधी निघणारी असते. बॅटरीवाली जड खुर्ची उचलायची नाही, त्यासाठी आधीपासून वेगळी सोय लागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांस्कृतिक कार्यक्रमांमधल्या सहभागाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, आपल्या नाट्यगृहांच्या मागच्या दारापर्यंत तो अजून पोचायचाय आणि या गोष्टीचा मला मनस्वी राग येतो. बुकिंगच्या वेळी दर वेळेस लेखी विचारायचं, हेही कोणीतरी नेटाने करायला हवं.

ग्रुपमध्ये लहान मुलं असतील तर ओळखपत्र, पोलीस व्हेरिफिकेशन मागतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

तिसरी_घंटा
मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि नट आहे. ताई, पुण्य मिळवायला जायचं नाही हा तुमचा मुद्दा वाचून बरं वाटलं. वागण्याचं फार टेन्शन घेऊ नका. जवळ आलात की नाव सांगा, निघताना निघतेय म्हणा, नाहीतर आम्ही रिकाम्या हवेशी बोलत बसतो. दंड धरून ओढू नका, तुमचा कोपर पुढे करा, आम्ही धरतो आणि अर्धं पाऊल मागून येतो. माझी पांढरी काठी मी जिथे ठेवलीय तिथेच राहू द्या, नीट म्हणून सुद्धा कोपऱ्यात उभी करू नका.

आणि तालमीत आमची चूक झाली की स्पष्ट सांगा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नवीन आलेली मंडळी सगळ्यालाच वा वा किती छान म्हणतात आणि मग मला कळतच नाही की माझा चेहरा प्रेक्षकाकडे होता का विंगेकडे, आवाज शेवटच्या रांगेत गेला का. स्वागत थोरात सरांनी अंध कलाकारांना घेऊन नाटकं बसवली, ‘अपूर्व मेघदूत’ मधले सगळे नट दृष्टिहीन, आणि ते नाटक लोकांनी नाटक म्हणून बघितलं. आम्हालाही तिकीट लावून प्रयोग करायचेत. फुकट बोलावलेला प्रेक्षक डोळे पुसून जातो, तिकीट काढलेला दुसरा अंक पडला म्हणून सांगतो, आणि मला तो दुसरा प्रेक्षक पाहिजे.

निगडीची_आई
माझा मुलगा 24 वर्षांचा, डाउन सिंड्रोम. शनिवार-रविवार पुरतात गं, पण ठरलं की ठरलं. त्याच्या एंट्रीआधी विंगेत एक दादा त्याच्या हातात टोपी द्यायचा, मग तो ती स्वतः घालायचा, एकदा पुढे ओढायचा आणि आत जायचा. हा त्याचा क्रम. तो दादा न सांगता यायचा बंद झाला, नोकरी बदलली म्हणे. दुसऱ्या मुलीने टोपी आधीच डोक्यावर घालून दिली तर हा विंगेतून हलेना. तो हट्ट करत नव्हता, त्याची सुरुवातच झाली नव्हती. त्या मुलीने टोपी काढून हातात दिली तेव्हा गेला. घरी आल्यावर रात्री मला विचारत होता, दादा कुठे गेला. म्हणून सांगते, सोडायचं असेल तर खुशाल सोड, पण दोन तालमी आधी सांग आणि निरोप घेऊन जा.

अजून एक, त्याला वाक्य आठवायला वेळ लागतो तेव्हा प्रॉम्प्ट करायची घाई करू नका. त्याचं वाक्य येतं. थांबायला शिकलं पाहिजे सगळ्यांनी, समोरच्या नटाने सुद्धा.

हातवारे
साइन लँग्वेजबद्दल थोडं. शिकून मग जाते असं करू नकोस, वर्ष निघून जाईल. जा, आणि कर्णबधिर नटांकडूनच शिकायला लाग, स्वतःचं नाव, पाणी, पुन्हा, थांब, क्यू एवढ्यापासून. रीतसर शिकायचं तर दिल्लीत आयएसएलआरटीसी (भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र) आहे, मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे. पण चार खुणा आल्या म्हणून दुभाषी म्हणून उभी राहू नकोस. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं आहे, मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून होत नाही. प्रयोगाला शिकलेला दुभाषी हवा, त्याला मानधन हवं आणि त्याच्यावर लाइट हवा. शेवटचं तर प्रकाशयोजनाकार हमखास विसरतात.

विंगेतला_माणूस, एक दुरुस्ती. खांद्यावर थाप चालते पण मागून नको, दचकायला होतं. बाजूने, नजरेच्या टप्प्यात येऊन.

विंगेतला_माणूस
बरोबर, बाजूनेच.

पर्वतीची_पोर
सगळ्यांचे खूप खूप आभार. फोन केला, शनिवारी चारला बोलावलंय. काम पण लगेच दिलं, पहिल्या अंकाची फाइल पाठवलीय आणि ती खरंच श्रीलिपीत आहे :) कन्व्हर्टर टाकून दिलं तर चालेल का सगळं परत टाइप करू?

विंगेतला_माणूस
कन्व्हर्टर लाव, पण तसंच पाठवू नकोस. जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, ते डोळ्यांनी तपास. प्रत्येक संवादाआधी पात्राचं नाव नवीन ओळीवर घे, कंसातल्या सूचना वेगळ्या ओळीवर टाक, नाहीतर स्क्रीन रीडर सगळं एका दमात वाचतो. मग एक पान तिसरी_घंटा यांना पाठवून ऐकायला सांग आणि ते ओके म्हणाले की पुढचं कर.

तिसरी_घंटा
पाठवा ताई, आज रात्रीच ऐकतो.