माळकरी आईसाठी हाडाचं ग्राफ्ट कुठलं घ्यावं?

कोथरूडकर: आई ६८ वर्षांची, गळ्यात तुळशीची माळ. दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालते. उजवीकडची खालची दाढ दोन वर्षांपूर्वी काढली. आता इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात) करायचंय, पण स्कॅनमध्ये तिथलं हाड अगदी चिंचोळं दिसलं. डॉक्टरांनी ग्राफ्ट, म्हणजे हाड वाढवायला घालायची भर, सांगितलं आणि छोटी काचेची बाटली दाखवली, आत रव्यासारखे पांढरे कण. आईने विचारलं, "कशाचं हो हे?" "गायीच्या हाडाचं." ती खुर्चीवरून उठलीच. घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही. सिंथेटिक घेतलं तर फार फरक पडतो का?

दंतवैद्य, बिबवेवाडी: ताई, ग्राफ्ट हा मांडव समजा, वेल आपल्याच हाडाची चढायची असते. गायीच्या हाडातले सेंद्रिय घटक काढून फक्त खनिज ठेवतात. ते फार हळू विरघळतं, त्यामुळे आकार धरून ठेवतं, म्हणून आम्हाला सोयीचं. सिंथेटिकमध्ये दोन खनिजं येतात: बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरतं, हायड्रॉक्सीअपेटाइट रेंगाळतं. दोन्हींचं मिश्रण मिळतं, तुमच्या आईंसाठी मी तेच विचारात घेईन. फक्त रुंदी किती वाढवायचीय ते आधी कळू दे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं मानवी हाडही तयार होतं.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. कणांवर जो पातळ पडदा घालतात तो कोलॅजेनचा, म्हणजे बहुतेकदा डुकराचा किंवा गायीचाच. तोही विचारा! रक्तातून काढलेला पीआरएफचा (प्लेटलेट्सनी भरलेल्या फायब्रिनचा) पडदा स्वतःचाच असतो, पण आठ-पंधरा दिवसांत विरतो. प्रत्येक ठिकाणी तो पुरत नाही.

हडपसरकर: माझ्या जबड्याच्या मागच्या भागातलंच हाड काढून लावलं होतं. जिवंत पेशी फक्त त्यातच असतात म्हणे. पण दुसरी जखम होते, आठवडाभर गाल सुजला होता. काकूंच्या वयाला नीट विचार करा. शुगर असेल तर आधी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघा.

कोथरूडकर: शुगर आहे, ७.१. काल पुन्हा गेलो. पडद्याचं खोकं मागून घेतलं, बारीक अक्षरात 'पोर्साइन', म्हणजे डुकराचं, लिहिलेलं. डॉक्टरांनी लगेच सिंथेटिक पडदा मागवतो म्हणून सांगितलं, चिडले नाहीत. कणही सिंथेटिक मिश्रणाचे. चार-सहा महिने थांबावं लागेल, मग स्क्रू. आईने एवढंच विचारलं, आषाढाआधी टाके निघतील ना?

दंतवैद्य, बिबवेवाडी: टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात. चालू द्या त्यांना, त्या बाजूने भाकरी मात्र चावायची नाही.