वेचणी किलोवर असते
आईबापांना शिक्षणाची किंमत नाही म्हणून पोरं शाळा बुडवतात, असं बरेच जण म्हणतात, पण ते अर्धंच खरं. आमच्या यवतमाळकडे निंदणाची (तण काढायची) मजुरी रोजाने, तिथे पोराला कोणी लावत नाही. कापसाची वेचणी मात्र किलोवर. दहा वर्षांच्या पोरीने वेचलेला कापूसही आईच्याच गाठोड्यात मोजला जातो, तिचं नाव कुठेच लागत नाही. दिवाळीनंतर वर्ग रिकामे का, ते यात आलं.

ज्या घरात कमावता बापच नाही, तिथे तर पोरांच्या कमाईची गरज जास्त. अशा बाप गेलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून मुलामागे महिन्याला २२५० रुपये, आधी ११०० होते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. आमच्या शेजारणीचा अर्ज तर तिच्या नववीतल्या पोरीनेच भरला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीललाही तीच गेली (काका लोक फक्त सल्ले द्यायला!).