उन्हाळी टोमॅटो: शेडनेटच्या आधी तारीख बघा

उन्हाळ्यात टोमॅटोची फूलगळ थांबवायला सरसकट ५० टक्क्यांचं शेडनेट, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी टाका, असा सल्ला दिला जातो. टोमॅटोला एवढी सावली जास्त होते. झाड नुसतं उंच वाढतं, पेऱ्यांमधलं अंतर वाढतं आणि फुलं आणखी कमी लागतात. ३५ टक्क्यांचं पुरे, तेही मार्च ते मे. पावसाळी ढग आले की काढायचं.

पण खरी अडचण रात्रीच्या उकाड्याची. दिवसा ३५ आणि रात्री २२-२४ अंशांच्या वर पारा टिकला की पराग निकामी होतात, फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं पडून गळतं. तिथे नेट काय करणार? टॉनिकनेही भलं होतं ते दुकानदाराचंच. त्यापेक्षा लागवड अलीकडे ओढा. जानेवारीच्या मध्यापर्यंत रोप लागलं तर पहिले तीन-चार घोस ऊन तापायच्या आत धरतात.

वाफ्यावर अंथरायच्या मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू वर हवी, काळीने खोडाला चटका बसतो. ठिबक रोज थोडं थोडं. खंड पडला की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि बूड काळं पडतं, जमिनीत चुना भरपूर असला तरी.

आणि खाणाऱ्यांनीही मे महिन्यात टोमॅटोचा हट्ट कशाला धरायचा? आमटीला चिंच-आमसूल आहेच, आणि गवार, भेंडी, चवळी त्याच उन्हात बिनतक्रार येतात.