शुल्क नाही, पण काम सक्तीचं: बेरिया कॉलेजचा मार्ग योग्य आहे का?

कृष्णाकाठ
अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं बेरिया कॉलेज १८९२ पासून शिक्षणशुल्क घेत नाही. साधारण दीड हजार विद्यार्थी, बहुतेक गरीब घरचे, पुष्कळसे ॲपलाचियाच्या डोंगराळ भागातले. राहण्याजेवणाचा खर्च ऐपतीप्रमाणे. आणि प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास काम: शेतावर, हातमागावर, झाडू बांधायला, ग्रंथालयात, कॉलेजच्याच बून टॅव्हर्न हॉटेलात. नर्सिंग शिका नाहीतर तत्त्वज्ञान, सूट कुणालाच नाही.

ख्रिस्ती म्हणवणाऱ्या लिबरल आर्ट्स (म्हणजे एका व्यवसायापुरतं नव्हे, तर सर्वांगीण शिक्षण देणाऱ्या) संस्थेनं नेमकं हेच करावं, असं माझं ठाम मत आहे. जॉन ग्रेग फी या धर्मोपदेशकानं १८५५ मध्ये ही शाळा काढली, तीही गुलामगिरी कायदेशीर असलेल्या राज्यात. देवानं पृथ्वीवरच्या सगळ्या लोकांना एकाच रक्तापासून घडवलं, हे बायबलमधलं वचन संस्थेचं ब्रीद आहे. १८५९ मध्ये गुलामगिरीच्या समर्थकांनी फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना राज्याबाहेर हाकललं. यादवी युद्धानंतर ते परत आले. १८६६ च्या पटावर १८७ विद्यार्थी होते, ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरे, एकाच शाळेत. ब्रीद इतक्या सरळपणे पटावर उतरलेलं मला दुसरीकडे फारसं दिसत नाही.

सडेतोड
१८६६ चा पट सांगितलात, पुढचं का सोडलंत? १८९२ मध्ये विल्यम फ्रॉस्ट अध्यक्ष झाले आणि त्यांनी सगळं लक्ष डोंगरातल्या गरीब गोऱ्यांकडे वळवलं. केंटकी राज्याच्या १९०४ च्या डे कायद्यानं गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र शिकवणं गुन्हा ठरवलं, पण कृष्णवर्णीयांचं प्रमाण त्याआधीच घसरत होतं. कायदा आल्यावर कॉलेजनं गोरे ठेवले आणि बाकीच्यांना दुसरीकडे जावं लागलं. हे थेट १९५० पर्यंत. म्हणजे शुल्कमाफीच्या पहिल्या साठ वर्षांतली बहुतेक वर्षं तिचा फायदा फक्त गोऱ्यांना झाला. ब्रीद तेच होतं ना तेव्हाही?

कृष्णाकाठ
फ्रॉस्टचा बचाव मी करणार नाही. त्यांच्या धोरणावर कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांनी तेव्हाच टीका केली होती, आणि ती रास्त होती. पण तो कायदा मुळात बेरियाला डोळ्यांसमोर ठेवूनच केला होता. कॉलेजनं तो निमूटपणे मान्य केला नाही. एक हजार डॉलर दंड झाला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९०८ मध्ये तिथेही हार झाली. न्यायमूर्ती हार्लन यांनी त्या निकालात बहुमताविरुद्ध मत लिहिलं. पुढे कृष्णवर्णीय मुलांसाठी लुईव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट उभी राहिली, तिच्यासाठी बेरियानं पैसा दिला. कायदा सैल होताच १९५० मध्ये दारं पुन्हा उघडली. आणि कृष्णवर्णीयांच्या इतिहासलेखनाचा पाया घालणारे कार्टर वुडसन याच कॉलेजातून १९०३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. एकच वर्ष उशीर झाला असता तर?

रेवती_के
मला खरं खटकतात ते दहा तास. श्रीमंत कॉलेजातला मुलगा तेवढ्या वेळात संशोधन करतो, ओळखी वाढवतो. बेरियातला झाडू बांधतो. शिकायचं असेल तर आधी राबून दाखव, ही अट गरिबालाच का? आमच्या विद्यापीठात कमवा आणि शिका योजनेतली मुलं सकाळी बागेत खुरपत असायची आणि बाकीची शेजारून वर्गात जायची. कोणाच्या घरची काय परिस्थिती आहे, ते सगळ्यांना दिसायचं. त्यातल्या एका मैत्रिणीनं लाजेपायी काम सोडलं, नंतर शिक्षणही सुटलं.

जुना_वसतिगृहकर
रेवतीताई, तुमच्या मैत्रिणीचं वाचून वाईट वाटलं. पण ते कामामुळे झालं की फक्त काहींनाच काम होतं म्हणून? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, त्यानंतर साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राबली आणि एका पंगतीत जेवली. तिथे काम कुणाच्या गरिबीची खूण नव्हतं, कारण ते सगळ्यांनाच होतं. बेरियातही तसंच आहे.

मात्र कृष्णाकाठ, हे ख्रिस्ती संस्थेचं खास लक्षण आहे, हे मला मान्य नाही. कर्मवीर जैन घरातले, सत्यशोधक विचारांचे. बायबलशिवायही हे करता येतं.

सडेतोड
आणि पैशाचं काय? बेरिया मुलांच्या श्रमावर चालत नाही. संस्थेचा कायम निधी एक अब्ज डॉलरहून मोठा आहे आणि बहुतांश खर्च त्याच्या उत्पन्नातून निघतो. २०१७ मध्ये अमेरिकेनं अशा मोठ्या निधींवर कर लावला. बेरिया त्यात सापडेल अशी वेळ आली तेव्हा पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून तिला वगळलं. एवढा निधी असताना विद्यार्थ्याला राबवायची गरज कुठे उरते?

कृष्णाकाठ
तो निधी वरून पडलेला नाही. १९२० मध्ये विश्वस्तांनी ठरवलं, की मृत्युपत्रातून विनाअट आलेलं दान खर्च करायचं नाही, सगळं निधीत टाकायचं. शंभर वर्षं ते पाळलं गेलं. हातात आलेला पैसा इमारतींवर उधळायचा मोह किती मोठा असतो, ते आपल्याकडच्या शिक्षणसम्राटांकडे पाहून कळतं.

काम पैशासाठी नाही, हे तुमचंच म्हणणं माझ्या बाजूचं आहे. तिथे काम हा शिक्षणाचाच भाग धरतात आणि त्याचं मूल्यमापन होतं. पहिल्या वर्षी काम कॉलेज ठरवून देतं, नंतर विद्यार्थी आपल्या आवडीच्या विभागात अर्ज करू शकतो.

जुना_वसतिगृहकर, बायबलशिवाय करता येतं हे खरंच. पण ज्यांच्याकडे बायबल आहे आणि तरी जे वर्षाला पन्नास-साठ हजार डॉलर घेतात, त्यांना मी बेरिया दाखवतो.

रेवती_के
अर्ज करता येणं आणि हवं ते काम मिळणं यात फरक आहे. नर्सिंगच्या मुलीला तिसऱ्या वर्षीही हॉटेलात ताटं उचलावी लागत असतील तर त्याला शिक्षण म्हणू नका. शेवटच्या दोन वर्षांत विषयाशी जोडलेलं काम मिळण्याचा हक्क नियमात लिहून द्या. शुल्क न घेण्याला माझा विरोध नव्हता आणि नाही. या एका कलमासाठी मात्र मी भांडत राहणार.