मदत हवी आहे: हार्ड डिस्क टकटक करतेय, फॉरमॅट न मारता बदलायची आहे

शाईचे_बोट
नमस्कार मंडळी,
प्रेसमधला डीटीपीचा पीसी गेले काही दिवस फार छळतोय. चालू व्हायलाच पाव तास लावतो. पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) उघडलं की माउस गोठतो, आतून टक… टक… असा आवाज येतो आणि मग निळा स्क्रीन. बंद करून चालू केला की थोडा वेळ बरा. इथला कॉम्प्युटरवाला म्हणतो हार्ड डिस्क गेली. त्याने रात्रभर चेकडिस्क लावून ठेवली, सकाळी 'ओके आहे' म्हणून गेला, दुपारी पुन्हा तेच रडगाणं. आता म्हणतो नवी डिस्क टाकून फॉरमॅट मारून देतो. फॉरमॅट मला नको आहे.
कोणती डिस्क घेऊ आणि सगळं जसंच्या तसं कसं नेऊ, एवढंच सांगा. तुळशीचं लग्न तोंडावर आलंय, पत्रिकांची कामं सुरू झालीत. 'नवा पीसी घ्या' हा सल्ला कृपया नको. जरा लवकर.

निवांत_पाटील
नवा पीसी घ्या. 😀

सोल्डरगन
विंडोज कोणतं? डिस्क किती जीबीची? जोडणी साटा की आयडीई? बोर्ड कोणता? बॅकअप आहे का? यातलं काहीच माहीत नसताना 'कोणती घेऊ' या प्रश्नाचं उत्तर 'चालणारी' एवढंच देता येतं.

शाईचे_बोट
एक्सपी आहे. डिस्क १६० ची असावी. साटा-आयडीई ते कॅबिनेट उघडून बघावं लागेल. बॅकअप म्हणजे थोड्या फायली पेनड्राइव्हवर आहेत. पण प्रश्न डिस्क कोणती घेऊ हा आहे.

आजोबा४८६
आमच्याकडे ४० एमबीची डिस्क होती, तिच्यावर अख्ख्या सोसायटीचे हिशेब राहायचे. अशी टकटक सुरू झाली की डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची. सकाळी तासभर व्यवस्थित चालते, तेवढ्यात माल काढून घ्यायचा. मी स्वतः केलेलं आहे.

सोल्डरगन
आजोबा, कृपा करा. बाहेर काढली की आत दव धरतं, प्लॅटरवर (आतल्या फिरत्या तबकडीवर) पाण्याचा थेंब आणि त्यावर वाचणारं हेड, संपला विषय. जुन्या डिस्कमध्ये कधीमधी जमलंही असेल, पण म्हणून आज कुणाला सांगू नका.

आजोबा४८६
चाललं होतं एवढंच सांगितलं. पुढचं ज्याचं त्याने बघावं.

पेंग्विन_कोकणचा
एक्सपी?? मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला सपोर्ट बंद केला राव. कुठलंही हलकं लिनक्स टाका. जुन्या मशिनला नवा जन्म मिळतो. माझ्याकडे १ जीबी रॅमवर मस्त चालू आहे.

खिळेजुळारी
आणि पेजमेकर कशावर चालवायचं, तुमच्या डोक्यावर?

पेंग्विन_कोकणचा
वाईनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं म्हणे.

खिळेजुळारी
'म्हणे'वर प्रेस चालत नाही. धागाकर्ते, मीही याच धंद्यात आहे. एक विचारतो: मराठी फॉन्ट कुठले वापरता, आणि डाँगल (सॉफ्टवेअर चालायला पोर्टला लावावी लागते ती किल्ली) आहे का?

शाईचे_बोट
श्रीलिपी. डाँगल आहे ना, मागे प्रिंटरच्या पोर्टला लावलेला. त्याच्या मागे प्रिंटरची केबल. त्याचा हार्ड डिस्कशी काय संबंध?

सोल्डरगन
अहो हे पहिल्या ओळीत हवं होतं! पॅरलल पोर्टचा डाँगल म्हणजे नवा पीसी बाद, लिनक्स बाद, फॉरमॅटही बाद, कारण श्रीलिपीची सीडी आणि डाँगलचा ड्रायव्हर आता कुठे शोधत बसणार. म्हणजे क्लोनच (डिस्कची हुबेहूब नक्कल) करायचा.

युनिकोडसेवक
मूळ रोग कुणी बघतच नाहीये. २००१ च्या पेजमेकरवर आणि जुन्या फॉन्टवर अजून किती वर्षं काढणार? पेजमेकरला युनिकोड कळत नाही. इनडिझाइन घ्या, फायली कन्व्हर्ट करून घ्या, कायमची कटकट मिटेल.

खिळेजुळारी
कन्व्हर्ट केलेली पत्रिका कधी पाहिली आहे का? रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, 'श्रीकृपेकरून'चं काय होईल ते देवच जाणे. खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ वेगळ्या फॉन्टात असते, तिथे नुसता कचरा उतरतो. मग पुन्हा प्रूफ, पुन्हा गिऱ्हाइकाच्या आत्याचा फोन की आमचं नाव तिसऱ्या ओळीत का. तुमचं म्हणणं चूक नाही, पण ते मे महिन्यात सांगा. आत्ता माणसाला बटर (छपाईसाठी बटर पेपरवरचे प्रिंट) काढून द्यायचे आहेत.

युनिकोडसेवक
मे महिन्यात पुन्हा लग्नंच असतात.

डेटा_वाचवा
भांडण नंतर करा. शाईचे_बोट, आधी तो पीसी बंद करा आणि बंदच ठेवा. टकटक म्हणजे हेड एखाद्या जागेवर अडून पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतंय. प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे डिस्कचं उरलेलं आयुष्य विंडोज उघडण्यात घालवणं. आणि चेकडिस्क अजिबात नको. ती डिस्क दुरुस्त करत नाही, फाइल सिस्टिमचे हिशेब जुळवते. मरणाऱ्या डिस्कवर ती पूर्ण पृष्ठभाग चाळायला लावली की डिस्कवर ताण येतो, आणि जे जुळत नाही ते ती चक्क कापून टाकते. चेकडिस्क चालवायची तर नंतर, कॉपीवर.
कॅबिनेट उघडा. डिस्कला जाणारी केबल चार बोटं रुंद, चपटी, राखाडी असेल तर आयडीई. बोटाएवढी अरुंद, बहुतेक लाल असेल तर साटा. फोटो टाका.

शाईचे_बोट
फोटो टाकलाय. लाल आहे. बोर्डावर ९४५ लिहिलंय. बंदच ठेवायचा होता, पण एक अर्जंट बिलबुक होतं. त्यातच भाच्याने डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून बघितलं, पिवळं दाखवतंय. ०५ समोर शेवटी ३सी आणि सी५ समोर १ए. ए ग्रेड चांगला का?

सोल्डरगन
ग्रेड नाही हो, ते दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिलेले आकडे आहेत. ३सी म्हणजे ६०, १ए म्हणजे २६. साठ सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) खराब निघाले म्हणून डिस्कने राखीव जागेत हलवले, आणि सव्वीस असे की जे तिला वाचता येत नाहीत आणि सोडवतही नाहीत. सी७ समोर किती आहे?

शाईचे_बोट
सगळी शून्यं.

सोल्डरगन
म्हणजे केबल निर्दोष. केबल खराब असती तर सी७ वाढला असता. डिस्कच गेली.

केबल_बदला
तरी आधी केबल बदलून बघा. शंभराच्या आतली येते. माझ्या तीन ओळखीच्यांना केबलनेच फरक पडला.

एसएसडी_भक्त
सरळ २५६ ची एसएसडी (आत काही न फिरणारी, चिपवरची डिस्क) टाका, विमान होईल. पण बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटाचा मोड एएचसीआय करायला विसरू नका, नाहीतर अर्धा वेग वाया.

सोल्डरगन
असे सल्ले देऊ नका हो. एक्सपीमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर आधी न घालता मोड बदलला की ७बी नंबरच्या एररचा निळा स्क्रीन. शिवाय ९४५ चिपसेटबरोबर साधा आयसीएच७ (डिस्कची जोडणी सांभाळणारी चिप) असेल तर त्याला एएचसीआय नाहीच मुळी. बायोसमध्ये जे आहे त्याला हात लावू नका. आणि एक्सपीला ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणं) माहीत नाही, पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं, एसएसडीची वाट लागते. साधी हार्ड डिस्कच घ्या.

एसएसडी_भक्त
दिवसाला चार पत्रिका टाइप करून एसएसडीची वाट लागायला किती वर्षं लागतील? ट्रिम नसली तर थोडी मंदावेल, तरी या टकटकीपेक्षा पन्नास पट बरी. आणि बाजारात १६० ची नवी हार्ड डिस्क आता मिळते कुठे? 'नवी' म्हणून जी हातात ठेवतात ती सीसीटीव्हीतून काढलेली, चालू तासांचा आकडा शून्यावर आणून वर नवं स्टिकर.

डेटा_वाचवा
या एका बाबतीत भक्तांशी सहमत. एसएसडी घ्या, २४० किंवा २५६. १२० ची घेऊ नका, क्लोनला जागा मूळ डिस्कपेक्षा एक सेक्टरही कमी चालत नाही. ६३ व्या सेक्टरचं दुखणं क्लोनबरोबर येईल, पण या कामाला त्याने काही अडत नाही.
आता कृती. डिस्क काढा आणि भाच्याच्या पीसीत साटा पोर्टला थेट लावा, एसएसडीही तिथेच. यूएसबीच्या डबीतून नको, वाचताना एरर आला की त्या डब्या मान टाकतात. पॉवरला जास्तीची साटा पिन नसेल तर मोलेक्सवरून (जुन्या चार पिनी पॉवर प्लगवरून) कन्व्हर्टर लागेल. वायरी प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेला स्वस्तातला घेऊ नका, ते जळतात, मी जळलेला हातात धरलाय. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा आणि डीडीरेस्क्यू वापरा (घ्या पेंग्विनराव, तुमचं लिनक्स आलं एकदाचं). ते आधी सहज वाचता येणारा भाग पटापट उचलतं आणि अडलेल्या जागा शेवटी पुन्हा खरवडतं. मॅपफाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) वेगळ्याच पेनड्राइव्हवर द्या, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं.
सगळ्यात महत्त्वाचं: कुठून आणि कुठे हे उलटं दिलंत तर कोरी एसएसडी जुन्या डिस्कवर उतरेल आणि सगळं पुसलं जाईल. लिनक्स डिस्कना देतं त्या एसडीए-एसडीबी या नावांवर विश्वास ठेवू नका, डिस्कच्या लेबलवरचा सीरियल नंबर स्क्रीनवरच्याशी अक्षर न अक्षर जुळवा. भाच्याची स्वतःची डिस्क तेवढ्यापुरती काढूनच ठेवा.

खिळेजुळारी
आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुन्या बोर्डाचा सेल बहुधा मेलेला असतो. प्लग काढला की सेटिंग मूळपदावर जातं, पॅरलल पोर्टचा मोड बदलतो आणि डाँगल सापडत नाही. लोक मग डिस्कला शिव्या देत बसतात. सीआर२०३२ सेल किराणा दुकानातही मिळतो, तो बदलूनच टाका.

आजोबा४८६
२०११ मध्ये थायलंडला पूर आला तेव्हा डिस्कांचे भाव असे भडकले होते की लोकांनी जुन्या डिस्का कपाटातून काढून विकल्या. माझ्याकडे अजून दोन पडून आहेत, आयडीई. कुणाला हव्यात का?

गोडाम्बट
माझ्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटंच टिकते, त्यावर काही उपाय?

सोल्डरगन
वेगळा धागा काढा.

शाईचे_बोट
काल रात्री लावलं. नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत भराभर आलं, मग शेवटचं इंचभर सकाळपर्यंत घासत बसलं. थोडा भाग वाचलाच गेला नाही म्हणतंय. एसएसडी जुन्या पीसीत लावली, चालू झाला. डाँगल पण सापडला. पण पेजमेकरमध्ये एका फॉन्टच्या जागी नुसते चौकोन येतायत. आता?

डेटा_वाचवा
न वाचलेल्या भागात तीच फॉन्टची फाइल असणार. आता एसएसडीवर चेकडिस्क चालवा, इथे हरकत नाही. मग तो एकच फॉन्ट काढून मूळ सीडीवरून पुन्हा टाका. जुनी डिस्क मात्र फेकू नका, लेबल लावून कपाटात ठेवा.

शाईचे_बोट
सीडी आहे. सीडी ड्राइव्हचा ट्रे उघडत नाहीये.

आजोबा४८६
पुढे बारीक भोक असतं. पीसी बंद करून त्यात सरळ केलेली यू पिन दाबा, बाहेर येतो. यात तरी फ्रीजर लागत नाही.

शाईचे_बोट
आला बाहेर. आत श्रावणातली आरतीची सीडी निघाली. फॉन्ट टाकला, चौकोन गेले.

निवांत_पाटील
अवांतर: डिसेंबरात पुतणीचं लग्न आहे. चार पानी पत्रिका शेकडा काय दराने करता?

शाईचे_बोट
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पाचशेच्या खाली घेत नाही, आणि मजकूर युनिकोडमध्ये पाठवू नका, कागदावर लिहून द्या.