फ्लीट फॉक्सेससारखं अजून कोण आहे का?

रंकाळ्यावरचा_वारा:
गेले दोन महिने फ्लीट फॉक्सेस, तो अमेरिकेतला बँड, सोडून दुसरं काय ऐकतच नाही बघा. २००८ चा पहिला अल्बम आणि २०११ चा ‘हेल्पलेसनेस ब्लूज’, आलटून पालटून तेच. परवा पन्हाळ्याहून खाली येताना हे धुकं, वायपर चालू, आणि ते चार-पाच जण एकदम गायला लागले की अंगावर काटा, बायको म्हणते हे काय चर्चमधलं लावलंयस. ॲपला असलंच अजून दे म्हटलं तर फिरून फिरून तीच दहा गाणी. कोण माहिती असेल तर सांगा की.

तांबडा_पांढरा:
भावा आधी हे सांग, तुला त्यातले गळे आवडतात का गिटार? इंडी फोक, म्हणजे लोकगीताच्या वळणाचं नवं गाणं, म्हणून सगळं एकाच पोत्यात भरतात. गळे असतील तर फर्स्ट एड किट, स्वीडनच्या दोघी बहिणी, २००८ ला त्यांनी फ्लीट फॉक्सेसचंच एक गाणं जंगलात बसून गायलं आणि त्या व्हिडिओनंच लोकांना माहीत झाल्या. नायतर द स्टेव्ह्ज, इंग्लंडच्या बहिणी, आधी तिघी होत्या, आता दोघी, सख्ख्यांचे आवाज असे बसतात की कुठला कुणाचा कळत नाही. गिटार असेल तर निक ड्रेक, इंग्लंडचा गायक. १९७२ चा ‘पिंक मून’ अर्ध्या तासाच्या आत संपतो, एक माणूस, एक गिटार, आणि एका गाण्यात जरासा पियानो, एवढंच. तारा तो वेगळ्याच सुरात लावायचा, त्यामुळं नेहमीच्या कॉर्ड धरून तसं वाजतच नाही. २६ व्या वर्षी गेला बिचारा, जिवंत होता तोवर रेकॉर्डी खपल्या नाहीत.

बेसूर_बाबा:
ॲपच्या नादाला लागू नका, अल्बमवर वाजवणाऱ्यांची नावं वाचा. यांचा ड्रमर जोश टिलमन २०१२ ला बाहेर पडला, तोच फादर जॉन मिस्टी या नावानं गातो. मग लेबल बघायचं, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी. या दोन अल्बमचं सिॲटलचं सब पॉप, त्यांच्याकडंच आयर्न अँड वाइन. नावावरनं बँड वाटतो पण सुरुवातीला एकटा सॅम बीमच, २००२ चा पहिला अल्बम घरात चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर केलेला, कानात कुजबुजल्यासारखा.

झीलकरी:
एवढ्या लांब कशाला जाताय, पट्टणकोडोलीच्या यात्रेत जाऊन धनगरी ओव्या ऐका. एक गडी ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. काटा तिथंबी येतोय.

तांबडा_पांढरा:
ओवीचा नाद नाय करायचा, पण ते वेगळं. तिथं मागचे सगळे एकाच सुरात ओढतात, यांच्यात एकाच वेळी प्रत्येकजण वेगळ्या सुरावर असतो.

झीलकरी:
असंल. आम्हाला काट्याशी मतलब.

रंकाळ्यावरचा_वारा:
लई आभार. गळेच हो. स्टेव्ह्ज लावलं तर बायको स्वयंपाकघरातनं म्हणाली, आवाज वाढव. निक ड्रेकच्या नादात मात्र माळ्यावरची गिटार काढली, नको तेवढी ताणली आणि सगळ्यात बारीक तार फाटकन गेली. रविवारी कुठलं दुकान उघडं असतं?